मूल बरं झालं, हे कोण ठरवणार?
बाललैंगिक अत्याचारानंतरच्या समुपदेशनाचं मूल्यमापन : एक टीका

(बुलढाणा जिल्ह्यातील शिक्षक, अधीक्षिका, आशा व अंगणवाडी सेविका आणि बाल संरक्षणाच्या कामातल्या मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे.)

विषय जड आहे. एवढ्या लोकांमध्ये असं कुणीतरी नक्की असेल, ज्याला हा विषय पुस्तकातून नव्हे तर स्वतःच्या लहानपणातून माहीत आहे. त्यामुळे आधीच सांगते, मध्येच उठून बाहेर जावंसं वाटलं तर खुशाल जा. कुणी वळून बघणार नाही. आणि अत्याचाराची वर्णनं मी करणार नाही, त्यांची आज गरज नाही.

मला बोलायचंय ते नंतरच्या काळाबद्दल. गुन्हा नोंदला गेला, वैद्यकीय तपासणी झाली, जबाब झाला. मग कुणीतरी म्हणतं, ‘मुलीला समुपदेशनाला पाठवा.’ मूल कुठेतरी जातं, कुणीतरी त्याच्याशी बोलतं, आणि सहा महिन्यांनी अहवाल येतो : कार्यक्रम यशस्वी. माझा प्रश्न एवढाच आहे की हे ‘यशस्वी’ कशावरून लिहिलं? मी स्वतः थेरपिस्ट नाही. मी अशा कार्यक्रमांचे अहवाल आणि त्यांच्यावरचे अभ्यास वाचते. तेव्हा आजचं बोलणं हे त्या वाचनातून आलेली टीका आहे असं समजा.

पाळा, २०१६

आपल्या जिल्ह्यातून सुरुवात करू. नोव्हेंबर २०१६. खामगाव तालुक्यातल्या पाळा इथली आश्रमशाळा. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलेल्या आदिवासी मुलींच्या पोटदुखीच्या तक्रारीतून ते प्रकरण बाहेर आलं आणि सगळा महाराष्ट्र हादरला. दहाहून अधिक जणांना अटक झाली, विशेष तपास पथक नेमलं गेलं, शाळेची मान्यता रद्द झाली, विधिमंडळात गदारोळ झाला.

त्या काळातल्या बातम्या आठवून बघा. कितीजण पकडले, संस्था कुणाची, शाळेत महिला अधीक्षिका होती की नाही. हे सगळे प्रश्न योग्यच होते, विचारायलाच हवे होते. पण एक प्रश्न पहिल्या पानावर सहसा येत नाही : त्या शाळेतल्या मुलींची पुढची दिवाळी कशी गेली? शाळा बंद झाली म्हणजे मुली दुसऱ्या शाळेत गेल्या. नवीन वसतिगृह, नवीन खाट, नवीन अधीक्षक. रात्री दिवा बंद झाल्यावर त्यांना काय होत असेल, हे मोजायची आपल्याकडे पद्धतच नाही.

आणि पोटदुखी हा शब्द लक्षात ठेवा. मुलं ‘माझ्यावर अत्याचार झाला’ असं वाक्य बोलत नाहीत. पोट दुखतं म्हणतात, शाळेत जायचं नाही म्हणतात. त्रास शरीराच्या भाषेत बाहेर येतो. मग बरं होणंही त्याच भाषेत दिसणार ना? हे आपण पुढे परत बघू.

नाव मनोधैर्य, मोजमाप रुपयांत

महाराष्ट्र सरकारने २ ऑक्टोबर २०१३ पासून मनोधैर्य योजना सुरू केली. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि अ‍ॅसिड हल्ला यांतल्या पीडितांसाठी. २०१७ मध्ये अर्थसाहाय्याची कमाल मर्यादा १० लाखांपर्यंत वाढवली. योजनेत पैशांबरोबर समुपदेशन, निवारा, वैद्यकीय आणि कायदेशीर मदत हे सगळं आहे. नावच बघा किती नेमकं आहे : मनोधैर्य. म्हणजे ज्याने योजनेला नाव दिलं त्याला माहीत होतं की खरं काय परत मिळवायचं आहे.

पण आढावा बैठकीत काय विचारलं जातं? किती प्रकरणं आली, किती मंजूर झाली, किती रक्कम वाटली, किती प्रलंबित. ह्या आकड्यांना मी कमी लेखत नाही. मजुरी बुडवून तालुक्याला खेपा घालणाऱ्या आईसाठी ते पैसे फार मोठे असतात. पण नावात मन आणि तक्त्यात फक्त धन, असं झालं तर योजनेच्या अर्ध्या भागाचं मूल्यमापन झालंच नाही.

स्वयंसेवी संस्थांच्या अहवालांतही तेच दिसतं, फक्त रकाने वेगळे. इतकी सत्रं, इतके लाभार्थी, इतक्या कार्यशाळा, खाली फोटो. सत्र घेणं हे काम आहे. मूल बरं होणं हा परिणाम आहे. ह्या दोन गोष्टी एकच आहेत असं समजून आपण पुढे जातो.

तुम्हाला हा फरक समजावायची गरज नाही खरं तर. रस्त्याच्या कामासाठी तलावांतला गाळ-मुरूम काढायचा आणि त्यातून पाणीसाठा वाढवायचा, ह्याला देशभर ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणतात. किती घनमीटर माती उचलली हा झाला एक आकडा, आणि पावसाळ्यानंतर पाणी किती थांबलं हा दुसरा. नुसता मातीचा आकडा दाखवून पाणी आलं असं कुणी म्हटलं, तर आपला शेतकरी हसेल. समुपदेशनाच्या बाबतीत मात्र आपण मातीचे ट्रक मोजतो आणि पाणी आलं म्हणून टाळ्या वाजवतो.

मे महिन्यात मोजलेली विहीर

आता काही संस्था म्हणतील, आम्ही परिणामही मोजतो. सुरुवातीला मुलांना प्रश्नावली दिली, शेवटी परत दिली, त्रासाचे गुण कमी झाले. चांगलं आहे, पण पुरेसं नाही.

का, ते विहिरीवरून सांगते. समजा मे महिन्यात विहिरीची पातळी मोजली, मग काहीतरी काम केलं, आणि ऑगस्टमध्ये परत मोजली. पाणी चढलेलं असणारच. ते कामामुळे चढलं की पावसामुळे? मूल समुपदेशनाला येतं ते बहुतेक सगळ्यात वाईट आठवड्यांत : पोलीस, दवाखाना, गावातली कुजबुज, सगळं एकदम. काही महिन्यांनी त्या गोंधळाची धार कमी होते. कित्येक मुलं आजी-मावशीच्या आधाराने, शाळेच्या रोजच्या सवयीने थोडी सावरतातही. हे सगळं श्रेय अहवालात सत्रांच्या खात्यावर जमा होतं. सर्दीचं म्हणतात ना, औषध घेतलं तर सात दिवसांत बरी होते, नाही घेतलं तर आठवडा लागतो!

मग करायचं काय? शेजारची, काम न झालेली विहीरही मोजायची. म्हणजे तुलना.

इंग्लंडमध्ये एनएसपीसीसी ही मुलांसाठी काम करणारी मोठी, जुनी संस्था आहे. तिचा ‘लेटिंग द फ्यूचर इन’ नावाचा उपचार कार्यक्रम खास लैंगिक अत्याचारातून गेलेल्या मुलांसाठी होता. २०१६ मध्ये त्याचं मूल्यमापन प्रसिद्ध झालं. २४२ मुलं. काहींना लगेच उपचार, काहींना सहा महिने थांबून, आणि कोण कुठे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. आठ वर्षं आणि त्यापुढच्या मुलांमध्ये गंभीर त्रास असलेल्यांचं प्रमाण सहा महिन्यांत ७३ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर आलं. थांबलेल्या मुलांमध्ये तसा बदल झाला नाही. म्हणजे इथे पाणी पावसामुळे चढलं नव्हतं.

पण मला त्या अहवालातला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. आठ वर्षांखालच्या मुलांमध्ये सहा महिन्यांत तसा परिणाम दिसला नाही, हे त्यांनी लिहिलं. संस्थेचा स्वतःचा कार्यक्रम, स्वतःचं नाव, आणि तरीही लिहिलं. आपल्याकडच्या किती अहवालांत ‘ह्या वयाच्या मुलांना आमचा उपयोग झाला नाही’ असं वाक्य सापडतं? असं वाक्य नसलेला अहवाल मी जपून वाचते. सगळ्याच मुलांना सारखाच उपयोग झाला, असं आयुष्यात होत नाही.

पुरावा किती आहे, खरं सांगायचं तर

ह्या विषयात सगळ्यात जास्त अभ्यास झालेली पद्धत म्हणजे आघात-केंद्रित बोधात्मक वर्तन उपचार. नाव भारदस्त आहे, काम सोपं सांगता येतं. मुलाला शरीर शांत करायला शिकवायचं, भावनांना नाव द्यायला शिकवायचं, ‘चूक माझीच होती’ हा विचार तपासायला मदत करायची, आणि तयारी झाल्यावर, हळूहळू, सुरक्षित जागी, घडलेल्या गोष्टीकडे बघायचं. ज्युडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो आणि एस्थर डेब्लिंजर ह्या अमेरिकन अभ्यासकांनी ती घडवली.

डेब्लिंजर यांच्या १९९६ मधल्या अभ्यासात १०० मुलं होती आणि चार गट. एकात फक्त मुलाबरोबर काम, दुसऱ्यात फक्त आईबरोबर, तिसऱ्यात दोघांबरोबर, चौथ्यात नेहमीच्या स्थानिक सेवा. जिथे मुलाबरोबर थेट काम झालं तिथे आघाताची लक्षणं जास्त कमी झाली. आणि जिथे आईबरोबर काम झालं तिथे मुलाचं नैराश्य आणि वागण्यातल्या अडचणी जास्त कमी झाल्या. आता आपल्याकडचं चित्र बघा. मुलीला आत घेतात आणि आईला बाहेर बाकावर बसवतात. आई बाहेर बसून काय करते? सगळ्या गावाचे टोमणे एकटी गिळते. दार बंद होताना आई आत आहे की बाहेर, हा मूल्यमापनाचा मुद्दा आहे.

पण मी ह्या पद्धतीची जाहिरात करायला आलेले नाही. २०१२ मध्ये कॉक्रेन ह्या संस्थेने लैंगिक अत्याचारातून गेलेल्या मुलांसाठीच्या बोधात्मक वर्तन उपचारांचे अभ्यास एकत्र तपासले. जगभरातून निकषात बसलेले अभ्यास १०, त्यांतली मुलं ८४७. निष्कर्ष सावध होता : उपयोग होत असावा, पण परिणाम माफक, आणि बऱ्याच ठिकाणी संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरेसा ठाम नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी मनोविश्लेषणाच्या पद्धतीबद्दल तसाच शोध घेतला, तर निकषात बसणारा एकही अभ्यास मिळाला नाही. ह्याचा अर्थ ती पद्धत निरुपयोगी असा होत नाही, कुणी नीट तपासलं नाही असा होतो. चित्रं काढणं, मातीकाम, नाटक, योग हे सगळं मुलांना आवडतं आणि त्याने बरंही वाटत असेल. पण ‘मुलांना आवडलं’ आणि ‘मूल सावरलं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

आणि चांगल्या हेतूने नुकसानही होऊ शकतं, हे विसरू नका. घटना घडल्या घडल्या मुलाला बसवून ‘सगळं बोलून टाक, मोकळी हो’ म्हणायचं, ही आपल्याकडची लाडकी समजूत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना अशा एकदाच सगळं वदवून घेण्याच्या पद्धतीच्या विरोधात आहेत. आपल्याकडे ते मूल आधीच आईला, शिक्षकांना, पोलिसांना, डॉक्टरांना, मॅजिस्ट्रेटना सांगून थकलेलं असतं. त्यात आपण सहावे.

‘हे सगळं तिकडचं झालं’

हा आक्षेप येणारच. इथे अख्ख्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार २५ लाखांवर माणसं, तेरा तालुके, आणि मुलांबरोबर आघातावर काम करायला शिकलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. जळगाव जामोद किंवा संग्रामपूरच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून बुलढाण्याला यायचं तर नांदुरा, मोताळा, राजूर घाट. एका सत्रासाठी आईचा दिवस जातो, मजुरी जाते, वर एसटीचं भाडं. तिथे कसली थेरपी आणि कसलं मूल्यमापन?

दोन उदाहरणं देते. झांबियातल्या लुसाका शहरात, गरीब वस्त्यांमध्ये, पदवीधर मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन हीच पद्धत वापरली. २५७ मुलं, वयं ५ ते १८. २०१५ मध्ये निकाल आला : उपचार मिळालेल्या मुलांमध्ये आघाताची लक्षणं सुमारे ८२ टक्क्यांनी कमी झाली, नेहमीच्या सेवा मिळालेल्यांत सुमारे २१ टक्क्यांनी. आता इथेही टीका करायला शिका. ती सगळीच मुलं लैंगिक अत्याचारातून गेलेली नव्हती, वेगवेगळे आघात होते. आणि शेवटचं मोजमाप उपचार संपल्यावर महिन्याभराच्या आत झालं. वर्षाने काय, हे त्या आकड्यात नाही. तरी एक गोष्ट सिद्ध झाली की गावातली माणसं शिकवून तयार करता येतात, आणि गरीब वस्तीतही तुलना करून मोजता येतं.

दुसरं उदाहरण तर घराशेजारचं. अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला, विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर, ३० गावांत, मोठ्या माणसांच्या नैराश्यासाठी. त्यांनी सत्रं मोजून थांबायचं नाकारलं. गावात जाऊन विचारलं की नैराश्य असलेल्यांपैकी किती जणांना मदत मिळाली. १८ महिन्यांत तो आकडा ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेला. तुलनेची वेगळी गावं नव्हती, ही मर्यादा आहेच. पण दवाखान्यात आलेल्यांपुरता हिशोब न करता, न आलेल्यांचाही हिशोब केला. हे आपल्याच विदर्भात झालं आहे.

न आलेलं मूल

आणि इथे माझा मुख्य मुद्दा येतो. मूल्यमापनात सगळ्यात मोठा घोटाळा न आलेल्या मुलांमुळे होतो.

एक काल्पनिक हिशोब करू. समजा एका कार्यक्रमात ४० मुलं आली. १६ शेवटपर्यंत टिकली. त्यांतल्या १२ मुलांमध्ये सुधारणा दिसली. अहवालात येतं : १६ पैकी १२, म्हणजे ७५ टक्के यश. पण ४० पैकी १२ म्हणजे ३० टक्के. दोन्ही आकडे त्याच कार्यक्रमाचे. आता सांगा, मधली २४ कुठे गेली? कुणी आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली, कुणी वीटभट्टीवर. कुणाचं लग्न ‘उरकून’ टाकलं. कुणाच्या घरी आरोपीच्या माणसांनी येऊन ‘मिटवून घ्या’ म्हटलं. कुणाचा आरोपी घरातलाच, म्हणून आईलाच येणं जमेना. आणि एखादी खरंच सावरली, म्हणून आली नाही. शोध घेतल्याशिवाय ह्या सगळ्या एकाच रकान्यात पडतात : ‘गैरहजर’. ज्या मुलांना गरज सगळ्यात जास्त, तीच आधी गळतात. म्हणजे कार्यक्रम जितका वाईट, तितकी जास्त मुलं गळणार आणि उरलेल्यांचं यश तितकं चांगलं दिसणार. हा हिशोब उलटा आहे.

कोण मुळात आलंच नाही, हेही बघा. केंद्र सरकारच्या २००७ च्या राष्ट्रीय अभ्यासात १३ राज्यांतली १२,४४७ मुलं होती. त्यांतल्या ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सांगितला, आणि त्यांत मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच होते. आपल्या बोलण्यात मात्र ‘पीडित मुलगी’ हाच शब्द येतो. मीही आज बऱ्याचदा तोच वापरला. मुलांच्या वसतिगृहातल्या मुलाने कुणाला सांगायचं?

उलट बाजूला, जी मुलं येतात ती सगळी एका प्रकारची नसतात. पॉक्सोखाली लहान मुलावरचा अत्याचारही येतो आणि सतरा वर्षांची मुलगी मर्जीने कुणाबरोबर निघून गेली, वडिलांनी तक्रार केली, तेही प्रकरण येतं. एनफोल्ड ह्या संस्थेने आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगाल इथले २०१६ ते २०२० मधले ७,०६४ निकाल तपासले, त्यांत २४.३ टक्के प्रकरणं अशी प्रेमसंबंधांची निघाली. त्या मुलीचंही दुःख असतं, पण ते वेगळं. तिला ‘आघातातून बाहेर काढलं’ म्हणून आकड्यात धरलं, तर सहा वर्षांच्या मुलाबद्दल आपण काहीच शिकत नाही, आणि तिच्याबद्दलही नाही.

कुणाच्या भाषेत विचारायचं

थोडं प्रश्नावलीबद्दल. बहुतेक प्रश्नावल्या इंग्रजीतून आलेल्या, भाषांतर पुस्तकी. ‘तुला असहाय वाटते का?’ ह्या प्रश्नाला आपल्याकडची दहा वर्षांची पोर काय उत्तर देणार? ती मान हलवेल, कारण समोर मॅडम आहेत. तिची भाषा वेगळी आहे : ‘मले भेव वाटते’, ‘जीव घाबरते’, ‘करमत नाई’. सातपुड्याकडच्या मुलीच्या घरी कदाचित कोरकू बोलतात, आणि मराठीच तिच्यासाठी शाळेची भाषा आहे. नोंद घ्यायची तर तिच्या शब्दांत घ्या. आणि मघाशी म्हटलं तसं, शरीराला विचारा. पोट दुखतं का, रात्री किती वेळा जाग येते, अंथरूण ओलं होतं का, अंघोळीला एकटी जाते का. ही उत्तरं महिन्यामहिन्याला ताडून बघता येतात.

कागद आधीच आहे

आता तुम्ही म्हणाल, टीका पुष्कळ झाली, करायचं काय? नवीन योजना मागत बसू नका. कागद आधीच आहे.

पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याचे नवे नियम २०२० मध्ये आले. त्यातल्या नियम ४ नुसार बाल कल्याण समिती मुलासाठी सहायक व्यक्ती नेमू शकते, आणि खटला संपेपर्यंत त्या व्यक्तीकडून दरमहा अहवाल मागवायचा आहे. कशाचा अहवाल? मुलाची स्थिती, घरची परिस्थिती, शारीरिक-मानसिक स्वास्थ्य, आघातातून सावरण्यातली प्रगती, आणि शिक्षण पुन्हा सुरू झालं का. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ह्या नेमणुकांबाबत निर्देश दिले.

म्हणजे दरमहा, प्रत्येक मुलाचं, खटला संपेपर्यंत! परदेशातले अभ्यासक अशा नोंदींसाठी निधी मागत फिरतात, आपल्याकडे त्या कायद्याने मागितल्या आहेत. प्रश्न एवढाच की त्या कागदावर आपण काय लिहितो. ‘गृहभेट दिली. समुपदेशन केले. बालिकेची प्रकृती ठीक आहे.’ एवढंच लिहिलं तर तो कागद फाईल जाड करतो, बाकी काही नाही.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक वेळी तेच सात प्रश्न, त्याच क्रमाने. एक, मागच्या आठवड्यात किती रात्री नीट झोप लागली? दोन, महिन्यात शाळेचे किती दिवस भरले? तीन, पोट-डोकं दुखणं, चक्कर, अंथरूण ओलं होणं किती वेळा? चार, घरात असं कोण आहे ज्याच्यावर मूल विश्वास टाकतं, आणि ती व्यक्ती कशी आहे? पाच, आरोपी किंवा त्याची माणसं समोर येतात का, दबाव आहे का? सहा, ‘चूक माझी होती’ असं मुलाला अजून वाटतं का? सात, मुलाला ह्या मदतीतलं काय नको आहे? सातवा गाळू नका. तो एकच प्रश्न आपल्याबद्दल आहे.

जे मूल भेटलं नाही त्याचं पान कोरं ठेवायचं, पण फाईलमधून काढायचं नाही. वर्षाच्या शेवटी मोजताना कोरी पानंही मोजायची. आणि तारखांच्या शेजारी कोर्टाच्या तारखाही लिहा. कायदा म्हणतो, मुलाची साक्ष कोर्टाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षात. तसं झालं नाही, आणि सावरलेली मुलगी दीड वर्षाने साक्षीच्या आठवड्यात पुन्हा झोपेनाशी झाली, तर ते समुपदेशकाचं अपयश म्हणायचं की तारखेचं? तारीख लिहिलेली असेल तरच हे सांगता येईल.

जाता जाता एक. ह्या नोंदी मुलाच्या आहेत. नाव, गाव, शाळा ओळखू येईल असं काहीही सभेत, बातमीत, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही. कलम २३ आहेच, पण कलम नसतं तरी. यशोगाथा म्हणून मुलाला व्यासपीठावर उभं करणाऱ्या संस्थेचं मूल्यमापन तिथल्या तिथे झालं असं मी समजते.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न : (एक शिक्षिका) ताई, मूल हसायला-खेळायला लागलं की बरं झालं, असं आम्ही धरतो. चुकतं का?*

अर्धं बरोबर. हसणं चांगलंच. पण काही मुलं मोठ्यांना त्रास नको म्हणून हसतात. आणि काही मुलं रागावतात, उलट बोलतात, ते आपल्याला बिघडणं वाटतं. कधीकधी महिनोन्‌महिने गप्प बसलेल्या मुलाचा पहिला राग हे सावरण्याचं लक्षण असतं. म्हणून एका दिवसावरून ठरवू नका, नोंदींच्या ओळीवरून ठरवा. आणि तुम्ही शिक्षक म्हणून एक गोष्ट सगळ्यांत आधी बघू शकता : हजेरीपट.

*प्रश्न : दर महिन्याला तेच विचारलं तर जखम पुन्हा उघडणार नाही?*

घटना विचारली तर उघडेल. ह्या सात प्रश्नांत घटनेबद्दल एकही प्रश्न नाही, मुद्दामच. झोप, शाळा, घर. डॉक्टर ताप विचारतात, ताप कसा आला ती गोष्ट दर वेळी विचारत नाहीत. आणि मूल नको म्हणालं तर त्या महिन्यात ‘नको म्हणाली’ हीच नोंद.

*प्रश्न : तुलना करायची म्हणजे काही मुलांना उपचार द्यायचाच नाही, हे कोणत्या मनाने करायचं?*

बरोबर विचारलंत. मुद्दाम नाकारणं मला मान्य नाही. पण आजची परिस्थिती बघा : बहुतेक मुलांना काहीच मिळत नाही, कारण माणसं कमी आहेत. यादी लांब आहे आणि आज ओळखीने किंवा अंतराने ठरतं की आधी कोण. संग्रामपूरचं मूल मागे आणि बुलढाणा शहरातलं पुढे. त्याऐवजी तातडीची मुलं ताबडतोब घ्या, बाकीच्यांचा क्रम चिठ्ठीने लावा, आणि थांबलेल्यांशी पहिल्या दिवसापासून दरमहा संपर्क ठेवा. त्यातून तुलनाही मिळते आणि न्यायही जास्त होतो. आणि तेही जमलं नाही, तर निदान हे करा : जे मूल यायचं थांबलं, त्याच्या घरी पंधरा दिवसांच्या आत कुणीतरी जा. मूल्यमापनासाठी नाही म्हटलं तरी चालेल. त्याला कळू दे की कुणीतरी मोजत होतं आणि त्या मोजणीत ते कमी पडलं.